मशाली आणि तोफा होत्याच, मग शाप बंधूंच्या मनोऱ्यांत नवीन काय होतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. डोंगरावर जाळ करणं, धूर काढणं, तोफांचे बार करणं हे जगभर हजारो वर्षं चालू होतं, आपल्या गडांवरही होतं. तरीही १७९४ साली फ्रान्समध्ये उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांच्या ओळीलाच पहिला टेलिग्राफ म्हणतात, ते का? पॅरिसहून उत्तर फ्रान्समधल्या लील शहराला दोन मिनिटांत निरोप जायचा, हे कितपत खरं? आणि नववीच्या मुलांकडून तीन किलोमीटर अंतरावरच्या दोन टेकड्यांवर असं चालतं यंत्र करून घ्यायचं तर मापं काय घ्यावीत? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दोनांत दडलेलं आहे, म्हणून याच क्रमाने जातो.

ही ओळ उभारणाऱ्याच्या नावाबद्दल एवढंच सांगतो, की इंग्रजी वळणाने वाचून ‘चॅप’ असं लिहिलेलं आढळतं, पण फ्रेंच उच्चार क्लोद शाप. ते पाच भाऊ होते आणि पाचही जण या कामात पडले.

पहिला प्रश्न सुटायला ‘इशारा’ आणि ‘निरोप’ यांतला फरक पुरेसा आहे. पावनखिंडीचं उदाहरण तुमच्या वर्गात सगळ्यांना पाठ असेल. १६६० साली महाराज विशाळगडावर पोचले की तोफांचे बार करायचे असं आधी ठरलं होतं आणि ते बार कानी पडेपर्यंत बाजीप्रभू खिंड लढवत राहिले, असं परंपरा सांगते. इशारा म्हणून त्यात काही कमी नव्हतं. पण त्या तोफेला एकच गोष्ट सांगता येत होती, आणि ती कोणती हे निघतानाच ठरलेलं होतं. ‘पोचलो, पण पाठलागावर आणखी एक तुकडी निघाली आहे, तुम्ही दुसऱ्या वाटेने या’ असं सांगायची वेळ आली असती तर तोफेकडे त्याला शब्द नव्हते. आधी न ठरलेली गोष्ट सांगता यायला लागली की इशाऱ्याचा निरोप होतो.

मात्र निरोपाची युक्तीही शाप यांची नव्हे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने मशालींची पद्धत लिहून ठेवली आहे. चोवीस अक्षरं पाच गटांत वाटायची, डावीकडच्या मशालींनी गट सांगायचा, उजवीकडच्यांनी गटातलं अक्षर. पुढे १६०८ नंतर दुर्बीण आली. १६८४ साली रॉबर्ट हूक यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे दुर्बीण आणि टांगलेल्या आकृत्या वापरून दूरवर मजकूर कसा पाठवावा, याचा नीट आराखडा मांडला. म्हणजे लिपी होती, दुर्बीण होती, योजनाही होती. तरी पुढची एकशे दहा वर्षं काही उभं राहिलं नाही.

याची कारणं मला दोन दिसतात. पहिलं पैशाचं. दर दहा-बारा किलोमीटरवर मनोरा बांधून तिथे बारा महिने पगारी माणसं बसवायला कोणी तयार नव्हतं. १७९३-९४ मध्ये फ्रान्सच्या क्रांतिकारी सरकारला चहूबाजूंनी युद्ध अंगावर आलं, तेव्हा ती गरज आणि ती तयारी दोन्ही आली. दुसरं कारण कमी सांगितलं जातं, पण सिग्नलच्या कामातल्या माणसाला तेच आधी दिसतं. दोन टेकड्यांमध्ये कुठलीही पद्धत चालते. टेकड्या पंधरा झाल्या की तीच पद्धत मोडते.

का मोडते ते आकड्यांत पाहा. समजा, मधला प्रत्येक माणूस अतिशय दक्ष आहे आणि हजार खुणांत फक्त एकदा चुकतो. शंभर खुणांचा मजकूर एका ठिकाणाहून शेजारी गेला तर बहुतेक वेळा बिनचूक जाईल. तोच मजकूर बावीस हातांतून गेला तर सरासरी दोन खुणा बिघडतील. शंभर हातांतून गेला तर नऊ-दहा. सेनापतीच्या हुकुमात दहा शब्द चुकीचे म्हणजे तो हुकूम न मिळालेलाच बरा. शिवाय कोण बोलतोय आणि कोण ऐकतोय, दोन्ही टोकांकडून एकाच वेळी मजकूर निघाला तर कोणी थांबायचं, मध्येच धुकं आलं तर अर्धा मजकूर कुठे अडकला, हे प्रश्न दोन टेकड्यांत उद्भवतच नाहीत. साखळीत रोज उद्भवतात. शाप बंधूंनी जे नवं केलं ते इथे. मनोऱ्यांवरचे हलते लाकडी हात लोकांच्या डोळ्यांत भरतात, पण साखळी टिकली ती नियमांमुळे.

आता ते इथवर कसे पोचले ते थोडं बघू, कारण त्यांच्या चुका मुलांना शिकवण्यासारख्या आहेत. सुरुवातीचा प्रयोग आवाजाचा होता. दोन घड्याळं सारखी लावायची, तबकडीवर आकडे, आणि काटा हव्या त्या आकड्यावर आला की भांड्यावर ठोका द्यायचा. ऐकणाऱ्याने आपल्या घड्याळात त्या क्षणी काटा कुठे आहे ते टिपायचं. भांड्याचा आवाज फार लांब जात नाही, म्हणून ठोक्याच्या जागी एका बाजूने काळी, दुसऱ्या बाजूने पांढरी अशी फिरती पाटी आली. २ मार्च १७९१ रोजी ब्रुलाँ आणि पार्से या गावांमध्ये, सुमारे १४ किलोमीटरवर, गावच्या अधिकाऱ्यांसमोर हा प्रयोग यशस्वी झाला. पण या पद्धतीत सगळा भार घड्याळांवर येतो. दोन घड्याळं जुळवून ठेवणं जमतं, वीस ठिकाणची जुळवून ठेवणं त्या काळी अशक्य. शिवाय काटा फिरून येईपर्यंत वाट पाहण्यात वेळ जातो. ती पद्धत सोडून दिली हे योग्यच झालं.

त्यानंतर उघडझाप करणाऱ्या चौकोनी झडपांचा प्रयत्न झाला, आणि शेवटी वेगवेगळ्या कोनांत कलणाऱ्या हातांचा. झडपा का सोडल्या याचं कारण दृष्टीशी जोडलेलं आहे. लांबवर पाहताना चौकोन उघडा आहे की बंद हे ओळखण्यापेक्षा लांब अरुंद पट्टी कोणत्या कोनात कललीय हे डोळ्याला सहज कळतं. पट्टी धूसर झाली तरी तिचा कल दिसत राहतो. स्वीडनमध्ये एडेलक्रांट्स यांनी १७९४ नंतर दहा झडपांचं यंत्र चालवलं, त्यातून १०२४ खुणा निघत आणि ते चांगलं चाललं. इंग्लंडच्या नौदलाने १७९६ मध्ये लंडनहून किनाऱ्याकडे सहा झडपांची ओळ टाकली, पण १८१६ नंतर तेही सेमाफोरकडे, म्हणजे हातांच्या कोनांनी खुणा करणाऱ्या यंत्राकडे वळले. तेव्हा झडपा चालतच नाहीत असं म्हणणार नाही. अंतर कमी आणि हवा स्वच्छ असेल तर चालतात. अंतर वाढलं की हात बरे.

१२ जुलै १७९३ रोजी पॅरिसजवळ बेलव्हील, एकुआँ आणि सँ-मार्तँ-द्यू-तेर्त्र अशा तीन ठाण्यांवर सरकारी चाचणी झाली. टोकाटोकाचं अंतर सुमारे २६ किलोमीटर, आणि एक अख्खं वाक्य ११ मिनिटांत पोचलं. दोन आठवड्यांत मंजुरी मिळाली. १७९४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस–लील मार्गावरून ल केनॉय आणि मग काँदे ही गावं परत जिंकल्याच्या बातम्या पॅरिसला आल्या. काँदेची बातमी सभागृह बसलेलं असतानाच आली, सभेने लगेच उलट निरोप धाडला, आणि यंत्राचा दरारा बसला तो त्या दिवसापासून.

यंत्र असं होतं. मनोऱ्याच्या छपरावर एक खांब. खांबाच्या टोकाला मधोमध खिळलेली मोठी फळी, लांबी ४.६ मीटर, रुंदी ३५ सेंटिमीटर. फळीच्या दोन्ही टोकांना एकेक हात, लांबी २ मीटर, रुंदी ३० सेंटिमीटर. तिन्ही काळ्या रंगाचे, आणि अखंड फळ्या नव्हेत. खिडकीच्या झिलमिलीसारख्या तिरप्या पट्ट्यांनी भरलेल्या चौकटी, म्हणजे वारा आरपार जाईल. प्रत्येक हाताच्या मागच्या बाजूला बारीक सळईवर वजन, म्हणजे हात कुठल्याही कोनात सोडला तरी तिथेच राहील. सळई बारीक असल्यामुळे लांबून दिसत नाही. खाली खोलीत याच यंत्राची छोटी प्रतिकृती. खालचा माणूस छोटे हात ज्या कोनात ठेवेल त्याच कोनात कप्प्या आणि दोऱ्यांनी वरचे हात जातात. या यांत्रिक भागात अब्राहम-लुई ब्रेगे या नामांकित घड्याळजींची मदत होती. माणसाला छतावर जावं लागत नाही आणि वर काय दिसतंय ते खाली हातात दिसतं, हा या यंत्राचा सर्वांत सुंदर भाग आहे असं मला वाटतं.

खुणा किती? प्रत्येक हात ४५ अंशांच्या टप्प्याने आठ ठिकाणी थांबू शकतो. त्यातली एक जागा, म्हणजे हात फळीच्या रेषेत बाहेर पसरलेला, वापरायची नाही, कारण तेव्हा फळी नुसती लांब वाटते आणि हात वेगळा दिसत नाही. उरल्या सात. सात गुणिले सात एकोणपन्नास. मोठी फळी आडवी किंवा उभी, म्हणजे दुप्पट, ९८. त्यातल्या सहा कामकाजाच्या सूचनांसाठी बाजूला ठेवल्या की राहतात ९२. संकेतवहीत ९२ पानं आणि प्रत्येक पानावर ९२ ओळी. पहिली खूण पान सांगते, दुसरी ओळ. ९२ गुणिले ९२ म्हणजे ८४६४ शब्द आणि वाक्प्रचार, फक्त दोन खुणांत.

मोठी फळी तिरपीही करता येत असे. खुणांत ती मोजायचीच नसेल, तर मग तिरपी का ठेवायची? इथे नियम सुरू होतात, आणि इथे मी मुद्दाम सावकाश जातो. खूण आधी तिरप्या फळीवर रचायची. तिरप्या फळीवरची खूण म्हणजे ‘अजून चालू आहे, टिपू नका’. हात नीट बसले की पुढच्या मनोऱ्याने ते उचलले का हे दुर्बिणीतून पाहायचं, आणि मगच फळी आडवी किंवा उभी करायची. फळी सरळ झाली की खूण पक्की, आता टिपा. हात एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाताना मधल्या चार-पाच खोट्या खुणा दिसतात. ही सोय नसती तर त्या सगळ्या वहीत गेल्या असत्या. मुलांच्या प्रयोगात नव्वद टक्के गोंधळ याच एका ठिकाणी होतो, हे आत्ताच लिहून ठेवा.

दुसरा नियम असा, की प्रत्येक मनोऱ्यावर दोन दुर्बिणी, एक मागच्या शेजाऱ्याकडे रोखलेली, एक पुढच्या. मागच्याची खूण उचलली म्हणजे काम संपलं असं नाही. पुढच्याने ती बरोबर उचलली हे पाहिल्यावर संपतं. पुढच्याने चूक केली तर तिथेच ‘चूक’ची खूण करून दुरुस्ती. प्रत्येक जोडीत चूक पकडली गेली की मघाचा शंभर हातांचा हिशेब बदलतो, कारण चुका पुढे साचत जात नाहीत. पुढचा मनोरा तयार होईपर्यंत आपण नवी खूण दाखवायची नाही, म्हणजे सगळी साखळी तिच्यातल्या सर्वांत संथ माणसाच्या गतीने चालते. हे दुःखाने नव्हे, समजून स्वीकारलेलं होतं. घाई केली की मधल्याची एक खूण गळते, आणि पान-ओळ पद्धतीत एक गळाली की पुढचं सगळं एका घराने सरकतं.

तिसरा नियम अर्थाचा. मधल्या माणसांना संकेतवही द्यायची नाही. त्यांना फक्त कामकाजाच्या सूचना कळत. निरोप सुरू, निरोप संपला, चूक, तातडीचं, धुकं आहे थांबा, इतका वेळ काम बंद. बाकी सगळं त्यांच्यासाठी नुसती आकृती. अर्थ लावायचं काम टोकांच्या अधिकाऱ्यांचं. यामागे गुप्तता होतीच, पण अचूकताही होती, आणि त्याकडे शेवटी परत येतो.

आता दोन मिनिटांबद्दल. शाप बंधूंच्याच नोंदीत लीलपर्यंत २२ मनोरे आणि २ मिनिटं, स्ट्रासबुर्गपर्यंत ४४ मनोरे आणि साडेसहा मिनिटं, तुलाँपर्यंत १०० मनोरे आणि २० मिनिटं असे आकडे आहेत. ते एका खुणेच्या प्रवासाचे आहेत, आणि स्वच्छ हवेतले. लीलचा आकडा घेतला तर एका मनोऱ्यामागे सहा सेकंदही पडत नाहीत. तुलाँचा बारा सेकंदांचा हिशेब मला जास्त पटतो. अख्खा निरोप वेगळ्या मापाने मोजावा लागतो. पाणी नळाला यायला किती वेळ लागला आणि हंडा भरायला किती, हे जसे दोन प्रश्न आहेत. एका खुणेला साधारण वीस ते तीस सेकंद लागत. पन्नास शब्द, प्रत्येकी दोन खुणा, म्हणजे शंभर खुणा. मिनिटाला तीन धरल्या तरी तेहतीस मिनिटं, अधिक पहिली खूण पोचायला लागलेली दोन. तरी घोडेस्वाराला लीलहून यायला दिवस मोडायचा, त्यापुढे अर्धा-पाऊण तास काहीच नाही. ‘दोन मिनिटांत निरोप’ असं पुस्तकात छापलेलं असेल तर समासात ‘एक खूण’ एवढी दुरुस्ती करा.

हवेचा हिशेबही असाच साखळीचा आहे. दोन मनोऱ्यांमधली हवा वीसपैकी एकोणीस वेळा स्वच्छ असते असं धरा. बावीस मनोऱ्यांमध्ये एकवीस अंतरं. सगळी एकाच वेळी स्वच्छ असण्याची शक्यता उरते एकतृतीयांशाच्या आसपास. प्रत्यक्षात धुकं एकेका अंतराला सुटं धरत नाही, मोठ्या पट्ट्यावर एकदम उतरतं, त्यामुळे चित्र इतकं वाईट नसतं. पण ओळ लांबली की मोकळा दिवस दुर्मीळ होतो, हे खरं. रात्री हातांना दिवे लावून पाहिले गेले, ते नीट जमलं नाही. विजेच्या तारेने १८४५ नंतर या मनोऱ्यांना हटवलं त्यात वेगापेक्षा रात्र आणि धुकं यांचा वाटा मोठा होता असं माझं मत आहे. फ्रान्समध्ये तर विजेच्या पहिल्या यंत्रालाही शापच्या हातांसारखेच दोन काटे बसवले होते, कारण माणसांना तीच खूण वाचायची सवय होती.

नियम कुठे अपुरे पडले याचं एक उदाहरण द्यायलाच हवं. बोर्दोच्या ब्लाँ बंधूंना पॅरिसच्या सरकारी रोख्यांचा भाव टपालाआधी हवा होता. १८३४ ते १८३६ या काळात त्यांनी पॅरिस–बोर्दो ओळीवरच्या तूर या गावातल्या टेलिग्राफच्या माणसाला पैसे चारले. पॅरिसहून त्याला गुपचूप सूचना मिळे, मग तो सरकारी निरोपात एक ठरलेली चुकीची खूण घुसवी आणि लगेच ‘चूक’ची खूण करी. बोर्दोच्या अधिकाऱ्याला निरोप बरोबरच मिळायचा, कारण चूक रद्द झालेली असायची. पण बोर्दोजवळचा मनोरा बाहेरून बघणाऱ्या त्यांच्या माणसाला हवं ते कळलेलं असायचं. तूरच का? तिथे निरोप उलगडून, चुका काढून, पुन्हा पुढे पाठवला जात असे. त्याआधी घुसवलेली चूक तिथे पुसली गेली असती. ओळीची दुरुस्तीची जागा त्यांना नेमकी ठाऊक होती. चूक रद्द करण्याची खूणसुद्धा निरोपच असते, हे तेव्हा नियम लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. खटल्यात मुख्य आरोपातून ते सुटले, कारण खासगी निरोप पाठवायला बंदी करणारा कायदाच नव्हता. तो १८३७ मध्ये झाला.

भारतातही अशी ओळ झाली. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यमपासून चुनारकडे इंग्रजांनी सेमाफोरचे मनोरे बांधले. पुढे हिमालयाच्या शिखराला ज्यांचं नाव मिळालं त्या जॉर्ज एव्हरेस्ट यांनी तरुणपणी त्या मार्गाची मोजणी केली होती. बंगालमध्ये हुगळी आणि बांकुरा भागात त्यातले काही मनोरे अजून उभे आहेत. मुलांना नकाशावर जरूर दाखवा.

आता तुमचं यंत्र. माप ठरतं ते दुर्बीण किती मोठं दाखवते त्यावर. नुसत्या डोळ्याला साधारण अंशाच्या साठाव्या भागाएवढी जाडी दिसते. शापचा ३० सेंटिमीटरचा हात १२ किलोमीटरवर याच्या अकरा-बारा पटींनी लहान दिसतो, म्हणून दुर्बिणीशिवाय काम नव्हतं. तुमच्याकडे तीसपट दाखवणारी स्टँडवरची दुर्बीण असेल तर तीन किलोमीटरसाठी शापच्या यंत्राचा एकतृतीयांश पुरतो. मोठी फळी १५० सेंटिमीटर, हात ६५ सेंटिमीटर, रुंदी १० सेंटिमीटर. दहापट दाखवणारी हातातली दुर्बीणच मिळणार असेल तर रुंदी २५ सेंटिमीटर घ्यावी लागेल आणि यंत्र जवळपास मूळ आकाराचं होईल. मग अंतर एक किलोमीटरवर आणा, ते सोपं.

रंग मॅट काळा. ऑइलपेंटच्या चकाकीवर ऊन पडलं की हात पांढरा दिसतो. हातामागे आकाश हवं, डोंगर नको. यंत्र बांधण्याआधी एकाला बांबू घेऊन त्या जागी उभं करा आणि समोरून पाहा. बांबूमागे झाडी दिसत असेल तर जागा बदला. पृथ्वीच्या गोलाईची काळजी करू नका. बारा किलोमीटरलासुद्धा दोन्हीकडे तीन मीटर उंची तिला पुरते. आडवी येते ती झाडी आणि तापलेला कातळ. उन्हाच्या झळांनी हवा थरथरते आणि हात लाटांसारखा दिसतो, म्हणून नजरेची रेषा जमिनीला चाटून जाऊ नये आणि दुपार टाळावी. शक्य असेल तर ओळ उत्तर-दक्षिण धरा. पूर्व-पश्चिम ओळीत सकाळी एका टोकाची दुर्बीण सूर्याकडे वळते. त्यात मुलांच्या डोळ्यांना खरा धोका आहे, हे पहिल्याच दिवशी बजावा.

दोरीला नायलॉन घेऊ नका, ताणतं आणि कोन सरकतो. सुती दोरी दमट हवेत आखडते. बारीक स्टीलची वायर आणि वरखाली सारख्याच व्यासाच्या कप्प्या घ्या. व्यास वेगळा झाला तर खाली ४५ अंश फिरवल्यावर वर ५० फिरतील.

आता उलट-सुलट. आकाशनिरीक्षणाच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं. मोठी फळी तशीच दिसेल, पण वरचा हात खाली आणि डावा उजवीकडे. आणि दुर्बीण सरळ दाखवणारी असली तरी यंत्राच्या मागून पाहणाऱ्याला आरशातलं चित्र दिसतं. म्हणून ‘डावा हात, उजवा हात’ हे शब्दच वापरू नका. ओळ उत्तर-दक्षिण असेल तर फळीच्या एका टोकाच्या हाताला ‘पूर्वेचा’ आणि दुसऱ्या टोकाच्या हाताला ‘पश्चिमेचा’ म्हणा आणि खालच्या छोट्या यंत्रावर तसं रंगवून ठेवा.

लिपीसाठी माझी सूचना अशी. शापची पान-ओळ पद्धत आपल्या बाराखडीला जणू मापून शिवल्यासारखी बसते. पहिली खूण व्यंजनाची, दुसरी स्वराची. ‘क’ ते ‘ळ’, मग ‘क्ष’, ‘ज्ञ’, आणि सुट्या स्वरांची एक ओळ धरून सदतीस पानं. बाराखडीचे बारा रकाने, पाय मोडायचा एक, ऋकार आणि ‘ॲ’, ‘ऑ’ यांचे तीन, एकूण सोळा. ‘शिंदे’सारख्या शब्दात आधी ‘शि’, मग सुट्या स्वरांतला ‘अं’, मग ‘दे’. व्यंजन नेहमी आडव्या फळीवर पक्कं करायचं आणि स्वर नेहमी उभ्या फळीवर. दोन्हीकडे एकोणपन्नास खुणा असल्यामुळे जागा भरपूर उरते, आणि एखादी खूण गळाली तर दोन आडव्या लागोपाठ आल्यावर लगेच कळतं. पुढचं सगळं सरकत नाही. ‘विशाळगड’ म्हणजे पाच अक्षरं, दहा खुणा, अर्ध्या मिनिटाला एक धरली तर पाच मिनिटं. मुलं एवढ्यानेच नेहमीच्या शब्दांना स्वतंत्र खुणा मागायला लागतील, तेव्हा उरलेल्या खुणा द्या.

आणि टेकड्या दोन ठेवू नका, तीन घ्या. दोन टेकड्यांत या विषयाचा गाभाच हाती लागत नाही. मधल्या टेकडीवर चौघे लागतील. एक मागच्या दुर्बिणीवर, एक पुढच्या दुर्बिणीवर, एक यंत्रावर आणि एक वहीवर. बघणाऱ्याने आकृती तोंडी सांगायची, यंत्रावरच्याने मोठ्याने परत म्हणायची, वहीवरच्याने फळी सरळ झाल्यावर वेळेसकट काढायची. त्यांना बाराखडीचा तक्ता दाखवू नका. तक्ता हाती आला की ‘शि’ आणि ‘वा’ पाहिल्यावर ती पुढचं ‘जी’ न पाहताच पाठवतील, आणि पाठवणाऱ्याला ‘शिवापूर’ म्हणायचं असेल तर ती चूक कोणालाच खटकणार नाही, कारण ती वाचायला बरोबर लागते. संध्याकाळी तिन्ही टेकड्यांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवून खूण न् खूण ताडून पाहा. कुठली खूण कोणत्या टेकडीवर, किती वाजता बदलली ते मुलांना स्वतः बोट ठेवून दाखवता येईल.